भाताचं सोंग घेतलेलं तण

"अहो भाऊजी, भात उपटताय! तण तसंच ठेवलंत!" वहिनी एवढ्यानं ओरडली, की पलीकडच्या डोंगरावरची गुरं माना वळवून बघायला लागली.

मुठीत खरंच भाताची रोपं होती. पण चूक माझी नाही. आमच्या बायकांनी शेकडो वर्षं वेगळं दिसणारं तण तेवढं उपटलं. एखादं चुकून भातासारखं जन्मलं, ते वाचलं, त्याचंच बी पडलं. आता हा तोतया आमच्या एकुलत्या खाचरातलं मोजकं खत-पाणी ओरपतो, आणि वहिनी जवळ आली की, शपथेवर सांगतो, अगदी भातासारखा डोलतो.

मला पातीपातीचा संशय यायला लागला.

"वहिनी, सगळं तणच निघालं तर वर्षभर खायचं काय?"

"लोंब्या आल्या की कळेल," ती म्हणाली. "तोवर तुम्ही बांधावर बसा."