विहिरीतली मुलगी

काल दुपारी मी लेकीला नव्या चित्रांच्या पुस्तकातून एक जुनी गोष्ट वाचून दाखवत होते. सावत्र आई मुलीला विहिरीत ढकलते, ती गोष्ट. या पुस्तकातल्या मुलीला पोहता येतं. ती पायऱ्या चढून हसत वर येते आणि सगळ्यांना माफ करते.

शेजारी शेंगा सोलत बसलेल्या माझ्या आईचे हात थांबले.

"वर आली?" तिने विचारलं.

लहानपणी आई मला हीच गोष्ट सांगायची, पण तिची मुलगी कधी वर येत नसे. तिचं कमळ व्हायचं आणि बाप पाण्याला आला की ते विचारायचं, "बाबा, घरी सगळे जेवले का?" मला रडू फुटायचं, तरी मी तीच गोष्ट मागायचे.

"तुझी गोष्ट वेगळी होती ना गं?" मी म्हटलं.

"माझ्या आईने सांगितली तशी मी सांगितली. आमची शकू विहिरीत पडली, त्यानंतर ती तशी सांगायला लागली."

आईला शकू नावाची बहीण होती, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

मुलं घाबरू नयेत म्हणून आपण गोष्टी बदलतो. आजीने मात्र ती स्वतःसाठीच बदलली असावी. परत न आलेल्या लेकीला तिने निदान बोलतं ठेवलं होतं.

आईने पुस्तक मागून घेतलं. ओल्या केसांच्या त्या मुलीवरून तिने बोट फिरवलं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "वर येते, तेवढंच."