कळव्याचा चंद्र आणि काकांचा घोटा

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे आमच्या घरात पहिल्यांदा सिद्ध करून दाखवण्यात आलं, तेव्हा पृथ्वीचा घोटा मुरगळला.

पृथ्वी म्हणजे आमचे बाळाकाका. सिद्ध करणारा मी. शहाऐंशी-सत्याऐंशीची गोष्ट असेल. आम्ही कळव्याचे. आजोबा मिठागरात राबले, बाबा आणि काका मिठागरात राबले, आणि मी एकदम ठाण्याच्या कॉलेजात सायन्सला! घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. त्यामुळे मला काय येतं आणि काय येत नाही, हे घरात कुणालाच तपासता येत नव्हतं. (मलाही.)

त्या दिवशी सुमनताईला बघायला टिटवाळ्याहून माणसं येणार होती. मुलगा वसंत, त्याचे वडील आणि आई. दिवस संकष्टीचा, कारण वसंतच्या आईचं म्हणणं, शुभ काम संकष्टीलाच करावं. त्यांचा उपवास कडक. चंद्र दिसल्याशिवाय तोंडात घास नाही. म्हणजे आधी चंद्र, मग जेवण, मग बोलणी.

ताईला वसंतचा फोटो आवडलेला. तसं ती कुणाला म्हणाली नव्हती, पण फोटो देवघरात गणपतीशेजारी कुणी ठेवला, हे आम्हाला कळत होतं. दुपारी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"दिन्या, हात जोडते. आज कुणाला काही शिकवू नको."

"मी कुठे शिकवतो?"

"मागच्या पाहुण्यांच्या अंगठीतला पुष्कराज काच आहे, हे कोणी सांगितलं?"

"अगं पण ती काचच होती! प्रकाशाचं अपवर्तन..."

"ते परत आले का?"

ते परत आले नव्हते.

संध्याकाळी पाहुणे आले. अंगणात मांडववाल्याकडून आणलेल्या घडीच्या लोखंडी खुर्च्या मांडलेल्या. ताई चहा देऊन आत गेली. वसंतने तिच्याकडे बघितलं आणि कपातला चहा बशीत ओतायचा सोडून बशीबाहेर ओतला. लक्षण चांगलं होतं. मी खरंच गप्प बसलेलो. शपथेवर सांगतो. पण वसंतच्या वडिलांच्या पोटात भूक होती, आणि भुकेला माणूस आकाशाकडे बघून बोलतो.

"हा चंद्र पुनवेला कसा दिवे लागताच हजर होतो. मग संकष्टीलाच का उपाशी मारतो?"

"आमच्या दिन्याला विचारा!" बाबांची छाती फुगली. "सायन्सला हाय तो. सांग रे!"

स्वयंपाकघराच्या दारातून ताईचे डोळे दिसले. मी त्या डोळ्यांकडे बघितलं, बाबांच्या छातीकडे बघितलं आणि (देवा, मला क्षमा कर) उठून उभा राहिलो.

"चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो," मी म्हणालो. "करूनच दाखवतो. मला एक सूर्य लागेल."

सूर्य म्हणून मी वसंतच्या वडिलांची निवड केली. टक्कल होतं, शिवाय पाहुण्यांचा मान.

"मला काय करायचंय?"

"काही नाही. फक्त बसून राहायचं."

"ते त्यांना जमतं," वसंतची आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून तेच करतायत."

पृथ्वी म्हणून काकांना उभं केलं. काकांच्या पोटात सकाळपासून दोन केळ्यांखेरीज काही नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चंद्र म्हणून वसंत.

"काका, तुमचं नाक म्हणजे कळवा. तुम्ही स्वतःभोवती फिरायचं. नाकासमोर वसंतराव आले की कळव्याला चंद्र दिसला. पण तुमची एक गिरकी होईतो वसंतराव पुढे सरकलेले असतात, म्हणून नाकाला थोडं जास्त वळावं लागतं. तोच उशीर!"

"आनि हे सगळं सूर्याभोवती?"

"हो, फिरत फिरत सूर्याभोवती. वसंतराव, तुम्ही पृथ्वीकडे पाठ करायची नाही. चंद्र आपली एकच बाजू दाखवतो."

वसंत फार आज्ञाधारक मुलगा. काकांच्या तोंडाकडे टक लावून तो आडवा आडवा सरकायला लागला. काका गिरक्या घेऊ लागले. बाबा टाळ्या वाजवत होते. शेजारची पोरं कुंपणावर चढली.

"दिन्या, आनखी किती फिरू?"

"काका, अजून आठवडाही झाला नाही!"

"आरं, मना गरगरतंय!"

"थांबू नका, पृथ्वी थांबत नसते!"

पृथ्वी थांबली नाही. पृथ्वी आधी तुळशीवृंदावनाकडे गेली, तिथून फिरली आणि दोन्ही हात पसरून सूर्यावर जाऊन पडली. घडीची खुर्ची घडी झाली. सूर्य खाली, पृथ्वी वर, आणि चंद्र मी सांगितल्याप्रमाणे पृथ्वीकडे तोंड करून शांत उभा!

"मेलो!" सूर्य ओरडला.

"घोटा!" पृथ्वी ओरडली.

आतून ताई हळदीचा लेप घेऊन धावत आली. आता कुणाही शहाण्या माणसाने गप्प बसायला हवं होतं. पण माझा मुद्दा अर्धा राहिला होता. ताई नेमकी अंगणाच्या मधोमध आलेली.

"ताई, तिथेच उभी राहा! वसंतराव, ही पृथ्वी. चालू द्या!"

वसंतने चालू दिलं. ताईकडे तोंड करून, हळूहळू, अंगणभर. ताई हातात लेपाची वाटी घेऊन लाल झालेली. वसंत दुप्पट लाल झालेला, पण थांबत नव्हता. मला वाटतं, त्याला शास्त्राची गोडी लागली होती.

"वसंता!" त्याची आई कडाडली. "आमच्या घराण्यात मुलगा कुणाच्या भोवती फिरत नाही!"

वसंत जागच्या जागी थिजला. कुंपणावरची पोरंसुद्धा खाली उतरली. स्थळ हातचं चाललं होतं आणि बाबा माझ्याकडे बघत होते. मी सावरायला गेलो.

"तसं नाही मावशी. खरं तर पृथ्वीही फिरते. दोघं मिळून मधल्या एका बिंदूभोवती फिरतात. फक्त तो बिंदू पृथ्वीच्या पोटात असतो."

"कुणाच्या पोटात?" मावशींनी विचारलं.

आईने मला दंडाला धरून केळीच्या झाडापाशी नेऊन उभं केलं.

एवढ्यात कॅलेंडरात दिलेली चंद्रोदयाची वेळ झाली. एरवी आमच्या घरी संकष्टीला कॅलेंडर कुणी बघत नसे. उजेड दिसला की आई ताम्हण उचलायची. पण त्या दिवशी मीच आईला ठणकावून सांगितलेलं, "वेळ अचूक आहे, चंद्र मिनिटभर चुकत नाही, मोदक त्या हिशेबाने उकडायला ठेव." मोदक तयार. ताम्हण तयार. सगळे पूर्वेला तोंड करून उभे. काका एका पायावर.

चंद्र नाही.

"काय झालं?" सूर्याने क्षीण आवाजात विचारलं.

"उगवलाय," मी केळीमागून म्हणालो. "दिसत नाही एवढंच."

"कुठे आहे?"

"डोंगराच्या मागे."

आमच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे. मी त्याच्या पायथ्याशी जन्मलो, रोज सकाळी त्याच्यामुळे आमच्याकडे ऊन उशिरा येतं, हे बघत मोठा झालो. पृथ्वी, चंद्र, सूर्य, सगळं मी हिशेबात घेतलं होतं. डोंगर तेवढा राहिला!

"टिटवाळ्याला चंद्र वेळेवर येतो," मावशी म्हणाल्या. "जिथे चंद्रच उशिरा येतो, तिथली माणसं वेळेवर काय येणार?"

"मावशी, शास्त्राप्रमाणे तो आलेला आहे. तुम्ही जेवायला हरकत नाही."

"मी उपवास बघून सोडते. ऐकून नाही."

वाफ जिरलेल्या मोदकांच्या पाकळ्या सुकायला लागल्या. सूर्य भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. बाबा हळूच आईला म्हणाले, "गेलं हे पन स्थळ." ते मला ऐकू आलं आणि मी केळीच्या आणखी मागे सरकलो.

तेव्हा ताई पुढे झाली. ताम्हण उचललं, त्यात दूर्वा आणि फूल ठेवलं, पाण्याचा तांब्या घेतला आणि मावशींना म्हणाली, "समोरच्या नव्या बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊया. जिने आहेत, माझा हात धरा."

"गच्चीवरून लवकर दिसेल!" मी उत्साहाने म्हणालो. "कारण उंची वाढली की डोंगराचा कोन..."

"तू इथेच थांब," दोघी एकदम म्हणाल्या. ताई आणि मावशी. एका सुरात.

त्या गेल्या. आम्ही खाली बसलो. वसंत मान वर करून गच्चीकडे बघत होता, माझ्याकडे मात्र कुणीच नाही. बऱ्याच वेळाने दोघी जिना उतरून आल्या. मावशींच्या कपाळाला ताजं कुंकू होतं आणि हात अजून ताईच्या हातात.

"दिसला?" बाबांनी घाबरत विचारलं.

"दिसला. अर्घ्य दिलं. वाढा आता."

सूर्याने डोळे उघडले. पानं मांडली गेली. पहिला मोदक हातात घेऊन मावशी बाबांना म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे."

बाबांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. "पन... एवढं सगळं झालं, तरी?"

"सबंध संध्याकाळ तुमच्या घरात ही एकटीच," मावशी म्हणाल्या, "जिने मला काहीही समजावून सांगितलं नाही."

घरातलं कुणीतरी पहिल्यांदाच कॉलेजला गेलं, त्याचा फायदा असा ताईला झाला.