मावशींनी जाहिरात दिली

वेताच्या खुर्च्या विणण्यात मावशींचा हात कोणी धरला नसता. पण हल्ली खुर्च्याच येईनाशा झाल्या होत्या. जावयाने हौसेने वेबसाइट करून दिली, तर तिच्याकडे महिनाभर कुत्रंही फिरकलं नाही.

"जाहिरात दे," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून त्या कॉम्प्युटरच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. "कोणी इंटरनेटवर शोधलं की आपली जाहिरात दिसते. नुसती पाहिली तर फुकट, दाबली तरच पैसे. रोजच्या खर्चाची मर्यादा आपण ठरवायची."

मावशींना हे रास्त वाटलं. दारातून डोकावणाऱ्याला कोण बिल लावतं? लोक काय शोधतील तिथे दोघींनी 'खुर्ची' एवढाच शब्द घातला आणि मर्यादा बेताची ठेवली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच मर्यादा संपली. फोन आले तीन. एकाला दोनशे खुर्च्या भाड्याने हव्या होत्या, दुसऱ्याला चाकांची हवी होती, तिसऱ्याला बाळाला जेवू घालायची.

"बाकीच्या वेळा कोणी दाबली?" जाऊबाईंनी विचारलं.

मावशी वेत भिजवायच्या घमेल्यात बघत राहिल्या. "चारदा मी. कशी दिसते ते बघत होते. मग लेकीला सांगितलं. तिने सासरी सगळ्यांना दाखवली."

"अगं, स्वतःचाच खिसा कापतेयस."

घरच्यांना जाहिरात दाबायची बंदी झाली. मग जाऊबाईंनी विचारलं, "गिऱ्हाईक दारात आलं की काय बोलतं?"

मावशी आठवू लागल्या. 'वेतविणकाम' म्हणणारा माणूस त्यांना जन्मात भेटला नव्हता. लोक म्हणत, 'खुर्चीची जाळी फाटली', 'बैठक खाली गेली'. तेच शब्द घातले. 'भाड्याने', 'नवी', 'चाकांची' असं शोधणाऱ्यांना जाहिरात दिसूच नये, अशीही सोय केली.

दोन दिवस सामसूम. तिसऱ्या दिवशी दुपारी एका बाईंचा फोन आला.

"खुर्चीची जाळी फाटलीय. आज बघाल का?"

"घेऊन या की."

"आणली असती हो, पण आमचे हे अजून तिच्यातच आहेत."

मावशींनी हातातली वेताची पट्टी खाली ठेवली. "आधी त्यांना काढा. शेजाऱ्यांना खुर्ची मागून दाबून धरायला सांगा, तुम्ही त्यांचे दोन्ही हात ओढा. फोन ठेवू नका."

पलीकडून खाटखूट ऐकू आली, मग "हळू, विजार फाटेल," आणि शेवटी तिघांचं हसणं.

संध्याकाळी नवराबायको खुर्ची घेऊन आले. गृहस्थ तासभर उभेच राहिले; स्टूल दिलं तरी बसेनात. पाचव्या दिवशी खुर्ची तयार झाली, तेव्हा मावशींनी त्यांनाच पहिलं बसवलं. ते हळूच टेकले, मग मागे रेलले, आणि चहा येईपर्यंत चक्क घोरू लागले.

पुढच्या आठवड्यात त्या बाईंच्या बहिणीच्या सहा खुर्च्या आल्या. जाऊबाईंनाही कॉम्प्युटर बंद करून वेत भिजवायला बसावं लागलं.