संत्र्याच्या बिस्किटांचे आजोबा

"तिनं केलंय ना? मग बिल्कुल बरोबर आहे."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठायचं. गिरणी बंद पडल्यामुळे घरी बसलेले आमचे शेजारी वर्षभर, दर रविवारी, माझ्याच स्वयंपाकघरात बसून ते म्हणत असत. 'ती' म्हणजे त्यांची पाच वर्षांची नात. इंदुरात, मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीत ओव्हन तेवढा माझ्याकडे होता आणि नातीला संत्र्याची बिस्किटं हवी असायची. मग भोग कोणाच्या नशिबी, ते सांगायला नको.

गिरणीबरोबर बाप-लेक दोघांचंही काम गेलं होतं. मुलाला सुरतेला दुसरं मिळालं. तिथे एका खोलीत दोन बिऱ्हाडं, म्हणून तो बायकोला घेऊन गेला आणि धड जागा मिळेपर्यंत पोरीला आजोबांकडे ठेवलं. ती जागा कधी मिळूच नये, अशी आजोबांची इच्छा. आजी तर केव्हाच गेली होती. घरात आता ही पोरच काय ती. मला ते स्पष्ट म्हणाले, "वहिनी, मी कोणाशी झगडा करणार नाही. पोरगीच म्हणेल, मला नाही जायचं. देख लेना तुम्ही."

त्यासाठी ही बिस्किटं.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, जन्मभर दुसऱ्यांना शिस्त लावणारी आणि नातवंडांपुढे पाघळणारी. गिरणीत म्हणे यांच्या खात्यात कोणाची मान वर करायची हिंमत नव्हती. इथे पोरगी कोपरापर्यंत मैद्यात हात घालायची, पिठीसाखर फरशीभर करायची, तुपाचे हात माझ्या डब्यांना पुसायची, आणि हे स्टुलावर बसून कौतुकानं बघायचे. संत्र्याची साल वरवर किसायची, पांढरं उतरलं की कडू होतं, हे सांगून माझं तोंड दुखलं. ती पार आतल्या फोडींपर्यंत किसायची. "थोडं कडू चालतं हो," हे वर यांचं.

एकदा तर तिनं मळलेल्या गोळ्यात जिरावण ओतलं, आपण पोह्यांवर घालतो तो मसाला. इंदूरचंच पोर ते. जिरावण कशावर घालायचं नसतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी ओरडणार तेवढ्यात यांचं ठरलेलं वाक्य आलं. भाजून झाल्यावर अख्खं बिस्कीट खाल्लं, ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणतात, "मस्त. चहाबरोबर और मस्त लागेल."

आणि मग एका रविवारी मुलगा आणि सून आले. जागा मिळाली होती. दोघं थेट माझ्या स्वयंपाकघरातच आले, कारण पोरगी तिथे पिठात माखलेली होती. सून खाली बसली, म्हणाली, "चल बेटा, आपल्या घरी."

पोरगी आजोबांच्या पायांना बिलगली. "मला नाही जायचं. मी इथेच राहणार."

ज्या वाक्यासाठी वर्षभर माझी फरशी चिकट झाली, ते एकदाचं आलं. सुनेनं तोंडाला पदर लावला. मुलगा भिंतीकडे बघत राहिला.

आजोबांनी पोरीला उचलून मोरीपाशी नेलं. साबणानं तिचे हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतलं पीठसुद्धा काढलं, आणि तिला आईच्या मांडीवर नेऊन बसवलं.

"असं नाही बोलायचं," ते म्हणाले. त्यांनी तिला चूक म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "आईशिवाय राहायचं नसतं, बेटा. जा."

मला त्या माणसाचा असा संताप आला. हातचं असं सोडून द्यायचं होतं, तर माझं स्वयंपाकघर कशाला वेठीला धरलं वर्षभर? संध्याकाळच्या बसनं ती तिघं गेली, आणि मी भांडी आपटत ओटा आवरला.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. बाजारात संत्र्यांच्या गाड्या भरून लागल्या होत्या. शेवटी मीच त्यांच्या दारात जाऊन विचारलं, "ओव्हन लावू का?"

"नको वहिनी," ते म्हणाले. "मला कुठे येतात बिस्किटं करायला? मी तर नुसता तिच्याजवळ बसायचो."