नऊ नंबरच्या खोलीतलं हसू

बेचाळीस खाटांचा तो वृद्धाश्रम सोळा वर्षं तिच्याच जिवावर चालला होता, असं म्हणायला हरकत नव्हती. दारावर ‘व्यवस्थापिका’ अशी पाटी होती, पण सगळे तिला मॅडमच म्हणत. कुणाला मीठ चालत नाही, कुणाची कवळी हमखास धुण्याच्या कपड्यांत जाते, कुणाचा मुलगा फोनवर आधी ओरडतो आणि मग रडतो, हे तिला तोंडपाठ. औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला, तपासणीला येणाऱ्या साहेबांची धास्ती तिच्या डोक्याला, आणि सेविकांच्या पाळ्या लावणारी पेन्सिल तिच्या कानामागे.

त्याच आश्रमात तिची आई राहायला आली. घरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण जिने चढणं कायमचं बंद झालं. डोकं मात्र शाबूत होतं, आणि जीभही. मॅडमनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं, “माझी आई म्हणून वेगळं काही करायचं नाही.” ती स्वतःही तसंच वागली. सकाळी दहाच्या फेरीत नऊ नंबरच्या खोलीत शिरायचं आणि झोप लागली का, पोट साफ झालं का, एवढं विचारायचं. आई सांगे, नळ गळतोय, सूप अळणी होतं. मॅडम टिपून घेई. दुपारपर्यंत नळ दुरुस्त झालेला असे.

एका दुपारी ती त्या खोलीवरून जात असताना आतून हसण्याचा आवाज आला. तोंडावर हात ठेवून हसावं तसं ते नव्हतं, चांगलं पोट धरून चाललं होतं. आईचं हसू ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला, आणि तेच जिव्हारी लागलं. आत चिमणी आईचे केस विंचरत होती. चिमणी म्हणजे तळमजल्याची सेविका. चणीनं एवढीशी आणि तोंड दिवसभर चालू, म्हणून सगळ्यांनी ठेवलेलं नाव.

“मॅडम, आजींनी सांगितलं तुम्हाला?” चिमणी म्हणाली. “एकोणिसाव्या वर्षी भावाची सायकल पळवून तळ्यावर गेल्या होत्या पोहायला. आणि घरी सांगितलं, पाय घसरून पाण्यात पडले.”

मॅडमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आईला पोहता येतं हेसुद्धा नाही. “हो, माहितीये,” ती म्हणाली आणि ऑफिसात जाऊन बसली.

त्यानंतर तिला काही सुचेना. चिमणीची चप्पल पॅसेजमध्ये वाजली तरी कपाळाला आठी पडे. पंचावन्न वर्षांची बाई आपण, आणि पगारावर ठेवलेल्या पोरीवर जळतोय, हे तिचं तिला कळत होतं. कळून काही फरक पडत नव्हता. बेचाळीस माणसांच्या लेकरांना ती समजावत आली होती की तुमची आई आमच्या सेविकेवर माया करते, हे चांगलं लक्षण आहे. आता ते बोलणं आठवून तिला स्वतःचाच राग येई.

पुढच्या महिन्याच्या पाळ्या लावताना तिनं चिमणीला वरच्या मजल्यावर टाकलं. कारण लिहिलं, ‘वर अनुभवी सेविकेची गरज.’ ते खोटं नव्हतं, म्हणून तर कुणाला बोलता येईना. मोठ्या सिस्टरनं कागद दोनदा वाचला, मॅडमकडे एकदा पाहिलं आणि भिंतीला लावला.

आता दुपारी मॅडम स्वतः कंगवा घेऊन नऊ नंबरमध्ये जाऊ लागली. तिचा हात जड होता. गुंता ओढला जाई, आई डोळे मिटून घेई.

“राहू दे गं. तुला कामं असतील.”

“नाहीत.”

“पलीकडच्या खोलीतली घंटा वाजत नाहीये, तेवढं बघ.”

मॅडमनं ते टिपून घेतलं. मग दोघी खिडकीकडे बघत बसल्या.

आठ-दहा दिवसांनी, संध्याकाळची पाळी लागल्यावर ती सहज खाली आली, तर नऊ नंबरमध्ये चिमणी. घरी जायचे कपडे, खांद्याला पिशवी, आईच्या पायाशी स्टूल घेऊन बसलेली. पाळी संपल्यावर खोलीत थांबायचं नाही हा नियम मॅडमनंच केलेला होता.

“कुणाच्या परवानगीनं?”

चिमणी उठून उभी राहिली. तिनं खांद्यावरची पिशवी सावरली.

“माझ्या,” आई म्हणाली. “जा गं तू घरी. उशीर होईल.”

चिमणी गेली. आईनं स्टुलाकडे बोट दाखवलं. मॅडम बसली.

“वर तूच पाठवलंस ना तिला?”

“वर गरज होती.”

“असेल. तू चार वर्षांची होतीस, तेव्हा शेजारच्या काकूंकडे पडलेली असायचीस. जेवायचीस तिथं, झोपायचीस तिथं. मी हाक मारली तर पदराआड लपायचीस, त्यांच्या. एक दिवस मी मधल्या दाराला कडी घातली. म्हटलं, आता बघू. आठवडाभर तू धड जेवली नाहीस. मला खूप वाईट वाटलं, पण कडी काही काढली नाही.” आई थांबली. “त्या घर सोडून गेल्या पुढे. त्यांना काही बोलायचं राहूनच गेलं.”

“मला का नाही सांगितलंस हे कधी?”

“तू वही घेऊन येतेस. वहीत काय सांगायचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनं भिंतीवरचा कागद काढून नवा लावला. चिमणी खाली आली, वरच्या मजल्यासाठी दुसऱ्या दोघींच्या पाळ्या सरकवल्या. कारणाच्या रकान्यात ‘माझी चूक’ असं लिहिलं. सिस्टरनं वाचलं आणि या वेळी मान हलवली. चिमणीला तिनं बोलावून माफी मागितली. “असू दे मॅडम,” चिमणी म्हणाली आणि लगेच वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांची तक्रार सांगत सुटली.

मत्सर गेला असं नाही. आई त्यानंतर सव्वा वर्ष जगली, आणि तेवढा काळ तो मॅडमच्या पोटात खुपतच राहिला. दुपारी ती वही ऑफिसात ठेवून जाई आणि दाराजवळच्या खुर्चीत बसे. केस चिमणीच विंचरी. गोष्ट आई चिमणीलाच सांगे, तोंडही तिच्याकडेच असे. फक्त आवाज जरा मोठा काढत असे, खुर्चीपर्यंत पोचेल एवढा.