कांडवेलीची चटणी

लग्न होऊन मी कोपरीला आले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी सासूबाई पाण्याचा हंडा उचलताना मधेच थांबल्या आणि तशाच खाली बसल्या. पडल्या नाहीत, कुठे आपटल्या नाहीत, पण पाठ सरळ होईना. साठी ओलांडलेली, अंगानं बारीक. डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढायला लावला आणि ह्यांना सांगितलं, की मणका दबलाय. म्हातारपणी हाडं आतून पोकळ होत जातात, मग हंड्याचं ओझंही झेपत नाही. फळीवर निजवा, दूध द्या, कळ कमी झाली की हळूहळू उठवा.

निजणं त्यांनी सोसलं, दुधाला मात्र तोंड लावीनात. माझा जीव धास्तावला होता. माझी आत्या अशीच अंथरुणाला खिळली, ती पुन्हा उठलीच नाही.

शेजारच्या मिठागरवाल्या काकूंनी कुंपणावरची कांडवेल आणून दिली. हाडासाठी चांगली, कोवळे शेंडे तुपात परतून चिंच घालून चटणी करा, म्हणाल्या. हे वैतागले. मग मी डॉक्टरांनाच विचारलं.

"हिनं हाड भरतं का, ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "नीट शिजवून द्या, नाहीतर घसा खाजेल. पण हिच्या भरवशावर दूध सोडू नका."

पहिल्याच दिवशी माझ्या हातून चिंच कमी पडली. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरले. त्या खाकरत म्हणाल्या, "अगं, ते दूध आण आधी. घसा सोलून निघाला."

पेला रिकामा झाला. तेव्हापासून चटणीमागून दूध, हे ठरूनच गेलं.

माझी भाची आता रसायनशास्त्र शिकवते. कांडवेलीतली द्रव्यं वेगळी काढून ती हाडाच्या पेशींवर काय करतात हे तपासतात, असं ती सांगते. उंदरांत गुण दिसतो, माणसांबद्दल अजून खात्री नाही. आमच्या घरी कशानं गुण आला, मलाही सांगता यायचं नाही.

सासूबाई आधी बसायला लागल्या, मग भिंत धरून चालायला. पाठीला थोडा बाक राहिला, तो राहिलाच. दिवाळीच्या आधी त्या बहिणीला भेटायला कल्याणला निघाल्या. स्टेशनाचा जिना चढताना मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "तू पिशवी धर. मी येते."

त्यांना गाडीत बसवून मी घरी आले आणि कितीतरी महिन्यांनी दुपारची गाढ झोपले.