आंधळगावचे दोन आकडे

इंटरनेटचा पत्ता म्हणजे दोन आकडे, असं मी तेव्हा समजत होतो. मी सांगलीकडचा, नववीतून शाळा सोडलेला. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. भंडारा जिल्ह्यात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट द्यायचं काम आमच्या ठेकेदाराकडं होतं. मॉडेम लावायचा, त्यात शून्य आणि पस्तीस भरायचं, दिवा लागला की पुढचं गाव. का भरायचं, हे विचारायची भीती वाटायची.

आंधळगावच्या झेरॉक्सवाल्याकडं दिवा लागेना. आदल्या आठवड्यात माझ्या हातून एक मॉडेम जळाला होता, म्हणून ठेकेदारानं सकाळीच बजावलं होतं, आज काम नाही झालं तर गावी परत जायचं. मी तेच आकडे पुन्हा पुन्हा भरत बसलो.

"सांगलीकडून आमच्या इकडं हळद येते," माझी बोली ऐकून झेरॉक्सवाला म्हणाला. "माणसं कवापासून येऊन राहिली जी?"

शेवटी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मॅडमना फोन लावला. काय भरलं ते सांगितलं.

"थे भंडाऱ्याचे आकडे, भाऊ. इथल्या एक्स्चेंजचं मशीन दुसरं हाये."

"पण पत्ता तर एकच ना, मॅडम?"

"थो पत्ता नोहे. नागपूरले जाता, तं भंडाऱ्याले गाडी बदलता ना? पैल्या गाडीचा सीट नंबर दुसऱ्या गाडीत चालते का?"

मग त्यांनी न वैतागता समजावलं. पहिला आकडा गाडीचा, दुसरा सीटचा. दोन्ही पुढच्या मशीनपर्यंतच खरे. तिथं बदलून नवे लागतात. मधली काही मोठी मशीनं तर सीट बघतच नाहीत, अख्खी गाडीच पुढं काढतात. रस्ता आधीच आखलेला असतो, म्हणून पुरा पत्ता दर वेळी सोबत न्यावा लागत नाही. शाळेतही माझ्यासाठी कुणी इतका वेळ थांबलं नव्हतं.

"पैला शून्यच ठेवा. दुसरा बत्तीस."

भरलं. दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. झेरॉक्सवाल्यानं खुर्ची सरकवली, "बसा, चहा सांगतो." मी बसलो.

ठेकेदाराचा फोन आला. काम झालं म्हटलं.

"बरं. उद्या दिघोरी."

"तिथलं मशीन कुठलं आहे?"

"तुले कायले पायजे?"

"आकडे वेगळे असतील."

"इचारून सांगतो," तो म्हणाला.

उद्याचा दिवस तरी मिळाला होता.